वादळापूर्वीचे ४८ तास आणि स्थानिक स्वराज्य संस्था

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या जगतसिंहपूर जिल्ह्यात पारादीपच्या परिसरात महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. वादळाने उसळलेले समुद्राचे पाणी एरसमा विकासगटातील गावांमध्ये शिरले. या आपत्तीत अधिकृत नोंदीनुसार जवळपास १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १४ वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, त्याच राज्यातील गंजाम जिल्ह्यात गोपालपूरजवळ ‘फायलिन’ हे चक्रीवादळ धडकले. त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात होता. म्हणजे १९९९ च्या तुलनेत ते काहीसे कमी तीव्र असले तरी विध्वंसक खचितच होते. या वेळी सुमारे १० लाख लोकांना अगोदर हलविण्यात आले. वादळ व त्यापाठोपाठ आलेला पूर यांत राज्यात झालेले मृत्यू ५० च्या आत राहिले.

या दोन आकड्यांतील अंतर कशाने पडले? स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा उपग्रह, डॉप्लर रडार आणि संगणकीय प्रारूपे यांच्यापाशी थांबते. या साधनांचे महत्त्व निर्विवाद आहे. चोवीस तास अगोदर वर्तविलेल्या मार्गातील सरासरी चूक अलीकडच्या वर्षांत १०० किलोमीटरच्या खाली आली आहे. परंतु सूचना १९९९ मध्येही देण्यात आली होती. ती मिळाल्यावर कोणी कोठे जावे, कोणी कोणास न्यावे आणि मागे राहिलेल्या गुराढोरांचे काय करावे, याची व्यवस्था गावपातळीवर नव्हती. हवामान विभागाचे कार्यालय आणि कच्च्या घराचा उंबरठा यांच्यामधील हा शेवटचा टप्पा ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांच्या कार्यक्षेत्रात येतो. या टप्प्याचे अर्थशास्त्र, त्यामागील कायदा आणि त्यासाठीचा पैसा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सूचनेचे चार टप्पे

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत देतो. पहिला टप्पा किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या ७२ तास आधीचा. ही पूर्वनिगराणीची सूचना प्रामुख्याने केंद्र व राज्य शासनांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी असते. दुसरा टप्पा ४८ तास आधीच्या सतर्कतेचा, त्याचा रंग पिवळा. तिसरा २४ तास आधीचा प्रत्यक्ष इशारा, रंग नारिंगी. चौथा टप्पा वादळ किनारा ओलांडण्याच्या १२ तास आधीचा. त्यात किनारा ओलांडल्यावर वादळ अंतर्भागात कसे सरकेल याचा अंदाज असतो, रंग लाल. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्यास चक्रीवादळ म्हणतात. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र व त्यावरील श्रेणी आणि २२१ पासून महाचक्रीवादळ अशी वर्गवारी आहे.

विद्यार्थ्यांना हे टप्पे पाठ असतात. पण ग्रामपंचायतीच्या दृष्टीने ४८ तास म्हणजे नेमके किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. बंगालच्या उपसागरातील मोठी वादळे बहुधा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवस ११ ते १२ तासांचा असतो. दोन दिवसांतील उजेडाचे तास २२ ते २४. त्यांतले पहिले काही तास जिल्हा, विकासगट आणि पंचायत अशा बैठकांत जातात. वादळ पोहोचण्याच्या कित्येक तास आधीच पाऊस व वारा सुरू होतो आणि त्यात म्हातारी माणसे, लहान मुले व बाळंतिणी यांना चालत नेणे अशक्य होते. हाती उजेडाचे, कोरडे असे फार तर पंधरा तास उरतात. यादी करणे, वाहन शोधणे, निवारागृहाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारणे, ही कामे या पंधरा तासांत सुरू झाली तर ती वेळेत पुरी होत नाहीत. ती आधीच झालेली असावी लागतात.

सूचनेच्या भाषेचाही प्रश्न आहे. ताशी १२० किलोमीटर हा आकडा मच्छीमार कुटुंबाला फारसे काही सांगत नाही. तुमच्या घराची मातीची भिंत या वाऱ्यात टिकणार नाही, शेजारच्या आंब्याची फांदी पत्र्यावर पडेल, असे ओळखीच्या प्रभाग सदस्याने दारात येऊन सांगितले की ते उमगते. हवामान विभागानेही अलीकडे वाऱ्याच्या वेगाबरोबर अपेक्षित परिणाम सांगण्याची पद्धत स्वीकारली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र जिल्ह्याचा परिणाम आणि एका घराचा परिणाम यांत फरक राहतोच.

घर सोडण्याची किंमत

अर्थशास्त्राच्या परिभाषेत वादळाची सूचना ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ती ऐकली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही आणि कोणालाही तिच्यापासून वगळता येत नाही. त्यामुळे तिचा खर्च शासन करते, हे योग्यच आहे. सूचनेनंतरची कृती मात्र खाजगी आहे आणि तिची किंमत प्रत्येक कुटुंबाला स्वतः मोजावी लागते. धोक्याच्या सूचना मिळूनही लोक घरे का सोडत नाहीत, याचे उत्तर अज्ञान किंवा हट्ट असे देण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास हे उत्तर मान्य नाही. त्या कुटुंबाचा हिशेब आपण मांडून पाहिला तर तो बव्हंशी सुसंगत आढळतो.

एक गाय, चार शेळ्या, काही कोंबड्या, दोन पोती भात, एक सायकल, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी आणि जाळे अशी एका कुटुंबाची मालमत्ता समजा. निवारागृहात माणसांना जागा आहे, गाईला नाही. घर उघडे टाकले तर चोरीची भीती. मजुरीचे दोन-तीन दिवस बुडणार. हा झाला संधी खर्च. निवारागृहात स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नसेल तर तरुण मुली व सुना तेथे रात्र काढायला तयार होत नाहीत आणि त्या नाहीत म्हणून घरातील वडीलधारेही हलत नाहीत. शिवाय मागच्या खेपेस वादळ बाजूने निघून गेले होते, ही आठवण असते. अंदाजातील १०० किलोमीटरची चूक शास्त्रज्ञांच्या दृष्टीने अल्प. पण ज्या गावाने दोन दिवस घरे सोडली आणि ज्याच्यावर साधी सरही आली नाही, त्याच्यासाठी तो सरळ तोटा असतो.

यावरून धोरणाची दिशा निघते. स्थलांतराची सक्ती करण्यापेक्षा त्याची किंमत कमी करणे अधिक परिणामकारक ठरते आणि ती कमी करण्याची साधने मुख्यतः स्थानिक संस्थेच्या हातात असतात. गुरांसाठी उंचवट्याची जागा ठरवून देणे, ती मोकळी सोडण्याची वेळ जाहीर करणे, रिकाम्या वस्तीवर रात्रपाळीने पहारा ठेवणे, शिजवलेले अन्न पुरविणे, होड्या बांधण्यासाठी सुरक्षित जागा राखणे, यांतील एकही काम राजधानीतून होऊ शकत नाही. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर गुरांसह आश्रय घेण्यासाठी मातीचे उंच ढिगारे उभारण्यात आले. तेथे त्यांना ‘किल्ला’ असेच म्हणतात. गडकोटांची सवय असलेल्या आपल्या कानांना हे नाव मोठे वाटेल, पण ज्याच्या घरी एकच गाय आहे त्याला हा मातीचा ढीग सिमेंटच्या निवाऱ्याइतकाच मोलाचा आहे.

ओडिशाने काय उभे केले

१९९९ च्या वादळाच्या वेळी ओडिशाच्या किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेली अवघी २३ निवारागृहे होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. राष्ट्रीय कायदा येण्याच्या सहा वर्षे आधी उचललेले हे पाऊल होते. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून आणि इतर योजनांतून बहुउद्देशीय निवारागृहांची संख्या साडेआठशेच्या वर गेली. खांबांवर उभी असलेली ही इमारत एरवी शाळा किंवा सभागृह म्हणून वापरली जाते. हा दुहेरी वापर केवळ काटकसरीसाठी नाही. रोज वापरात असलेल्या इमारतीची दारे उघडतात, पाण्याचा पंप चालू असतो आणि मुलांना रस्ता ठाऊक असतो. पाच वर्षे कुलूपबंद राहिलेली इमारत ऐन वेळी कामास येत नाही.

निवारागृहाच्या देखभालीसाठी गावकऱ्यांची समिती असते. शोध व सुटका, प्रथमोपचार आणि निवारा व्यवस्थापन अशी कामे स्वयंसेवकांमध्ये वाटून दिलेली असतात. जनरेटर, झाडे कापण्याचे यांत्रिक करवत, स्ट्रेचर अशी साधने तेथेच ठेवली जातात. दरवर्षी १९ जून रोजी राज्यभर निवारागृहांत सराव होतो. राज्याने २०१८ मध्ये किनाऱ्यावरील सहा जिल्ह्यांत भोंगे असलेले १२२ मनोरे उभारले. त्यामुळे मोबाईलची यंत्रणा बंद पडली तरी इशारा पोहोचू शकतो.

या व्यवस्थेची खरी कसोटी ३ मे २०१९ रोजी लागली. ‘फनी’ चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले. त्यापूर्वीच्या चोवीस तासांत सुमारे १२ लाख लोकांना हलविण्यात आले. राज्य शासनाने दिलेल्या माहितीनुसार शाळा-महाविद्यालयांसह सुमारे ९ हजार ठिकाणी आश्रय देण्यात आला, सुमारे ७ हजार स्वयंपाकघरे चालविली गेली आणि ४५ हजारांहून अधिक स्वयंसेवक या कामी होते. एवढी स्वयंपाकघरे एका रात्रीत कोणतेही खाते उभारू शकत नाही. ती सरपंच, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि महिला बचत गट यांनी चालविली. ओडिशात पंचायतींमध्ये महिलांसाठी एक तृतीयांश आरक्षण ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधीच लागू झाले होते. कोणत्या घरी आजारी सासू आहे, कोणती सून आठव्या महिन्यात आहे, ही माहिती पंचायतीच्या कामकाजात येण्यास त्याची मदत झाली असणार. ऑक्टोबर २०२४ मधील ‘दाना’ वादळाच्या वेळी सुमारे ४,४०० गर्भवती स्त्रियांना आरोग्य केंद्रांत आधीच दाखल करण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १,६०० जणी त्या काळात तेथेच प्रसूत झाल्या. आठव्या-नवव्या महिन्यातील स्त्रियांची अद्ययावत यादी गावागावांत तयार होती, म्हणूनच हे घडू शकले.

‘फनी’मध्ये ओडिशात ६४ मृत्यू झाले, निम्म्याहून अधिक एकट्या पुरी जिल्ह्यात. या मृत्यूंचे स्वरूप १९९९ पेक्षा वेगळे होते. तेव्हा माणसे समुद्राच्या पाण्यात बुडाली. आता भिंत अंगावर पडून, झाड कोसळून, उडालेल्या पत्र्याने मृत्यू आले. वादळाचे केंद्र डोक्यावरून जाताना वारा काही वेळ थांबतो आणि मग उलट्या दिशेने तितक्याच जोराने सुटतो. या शांततेला फसून बाहेर पडणाऱ्यांचा धोका मोठा असतो आणि त्यांना दारात अडविणे हे स्वयंसेवकांचे एक ठरलेले काम आहे. स्थलांतराने पाण्याचा धोका बऱ्याच अंशी आटोक्यात आला, तसा घराच्या बांधणीचा धोका पुढे आला. त्यामुळे ग्रामीण घरकुल योजनेतील लाभार्थ्यांची यादी, जिची पडताळणी ग्रामसभा करते, ती किनारपट्टीवर वादळ-सुरक्षेचीही यादी ठरते. कोणाला पक्के घर आधी मिळावे याचा क्रम लावताना समुद्रापासूनचे अंतर व भिंतीची माती विचारात घेतली जाते का, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

कायद्यातील स्थान

२००४ च्या त्सुनामीनंतर संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ संमत केला. त्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन स्तरांवर प्राधिकरणे निर्माण केली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषद असेल तेथे तिचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. ही तरतूद कलम २५ मधील असून परीक्षेच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जिल्ह्याच्या खाली मात्र कायद्याने प्राधिकरण निर्माण केलेले नाही. मूळ कायद्यातील सहावे प्रकरण स्थानिक प्राधिकरणांसाठी आहे आणि त्यात एकच कलम होते, कलम ४१. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधने वापरायोग्य ठेवणे, आपल्या क्षेत्रातील बांधकामे विहित मानकांप्रमाणे होतात हे पाहणे, मदत व पुनर्वसनाची कामे करणे, अशी कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. तीही जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांच्या अधीन राहून. ७९ कलमांच्या या कायद्यात सर्वांत आधी घटनास्थळी असणाऱ्या संस्थेच्या वाट्याला आलेली जागा एवढीच आहे.

राज्यघटनेकडे पाहिले तर चित्र फारसे वेगळे नाही. सातव्या अनुसूचीतील कोणत्याही सूचीत आपत्ती व्यवस्थापन हा विषय नावाने नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मधील आपल्या तिसऱ्या अहवालात तो समवर्ती सूचीत समाविष्ट करण्याची शिफारस केली होती. अकराव्या अनुसूचीतील २९ आणि बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांतही त्याचा थेट उल्लेख नाही. पण ग्रामीण गृहनिर्माण, रस्ते, पिण्याचे पाणी, आरोग्य, सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे विषय तेथे आहेत आणि वादळातील सुरक्षितता याच विषयांची बनलेली असते.

अधिकार खाली देता येत नाहीत असे नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या साथीत बाहेरून परतणाऱ्यांच्या विलगीकरणासाठी ओडिशा शासनाने सरपंचांना त्यांच्या पंचायतीपुरते जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार दिले. पुढच्याच महिन्यात ‘अम्फान’ वादळ आले तेव्हा शाळांच्या इमारतींत विलगीकरणातील माणसे आणि निवाऱ्यासाठी येणारी माणसे यांची वेगवेगळी सोय लावण्याचा पेच त्याच सरपंचांसमोर होता.

पैसा कोठे थांबतो

कायद्याच्या कलम ४८ नुसार राज्य व जिल्हा स्तरांवर प्रतिसाद निधी आणि सौम्यीकरण निधी यांची तरतूद आहे. पंचायत किंवा नगरपालिका स्तरावर असा निधी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्याचा ८० टक्के हिस्सा प्रतिसादासाठी व २० टक्के सौम्यीकरणासाठी होता. प्रतिसादाच्या ८० टक्क्यांतील ४० मदतकार्यासाठी, ३० पुनर्बांधणीसाठी आणि १० पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी, अशी पुढची विभागणी होती. वादळानंतरचा खर्च ठळकपणे दिसतो, त्याची छायाचित्रे निघतात, त्याची मागणी विधिमंडळात होते. वादळापूर्वीचा खर्च यशस्वी झाला तर काहीच घडत नाही आणि न घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोणाला मिळत नाही. सौम्यीकरणासाठी स्वतंत्र व राखीव वाटा ठरवून देण्याचे महत्त्व यातच आहे.

स्थानिक संस्थांना मिळणारी वित्त आयोगाची अनुदाने हा वेगळा प्रवाह आहे. त्याच काळासाठी त्यांची रक्कम ४,३६,३६१ कोटी रुपये होती. ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के भाग स्वच्छता व पाणीपुरवठा यांच्याशी बांधलेला आणि ४० टक्के भाग स्थानिक गरजांसाठी मुक्त होता. पगार सोडून अनुसूचीतील विषयांवर तो खर्च करता येत असे. यांत्रिक करवत, बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक, प्रखर विजेऱ्या, दोरखंड आणि पाणी साठविण्याच्या टाक्या यांसाठी किनाऱ्यावरील पंचायतीला स्वतंत्र योजनेची वाट पाहण्याची गरज नव्हती. तरीही ग्रामपंचायत विकास आराखड्यांत बहुधा रस्ता व गटार हीच कामे पुढे असतात. त्याला नियमांपेक्षा मतदारांची पसंती अधिक कारणीभूत आहे आणि तो दोष एकट्या सरपंचाच्या माथी मारणे न्याय्य नाही.

शहरातील वारा

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ वादळ थेट विशाखापट्टणमवर आले. एका मोठ्या शहराचे विमानतळ, वीजवाहिन्या आणि दूरसंचार यंत्रणा एकाच दिवसात कोलमडली. शहरात समुद्राच्या पाण्याइतकाच धोका डोक्यावरच्या वस्तूंचा असतो: झाडे, पत्रे, मनोरे, फलक. त्यासाठी चक्रीवादळच यावे लागते असेही नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत अवकाळी वादळी वारे सुटले आणि घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर एक महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. महापालिका जास्तीत जास्त ४० फूट लांबी-रुंदीच्या फलकास परवानगी देत असे. हा फलक सुमारे १२० फूट लांबी-रुंदीचा होता. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती आणि आपली परवानगी घेतलीच गेली नव्हती, असे महापालिकेने सांगितले. मात्र ज्या शहराच्या हद्दीत असा फलक उभा राहतो, तेथे अधिकारक्षेत्राचा वाद वारा सुटण्यापूर्वीच मिटविणे आवश्यक होते. कलम ४१ मधील बांधकाम-मानकांचे कर्तव्य हे केवळ इमारतींपुरते आहे, असे मानण्यास आधार नाही.

२०२५ च्या दुरुस्ती कायद्याने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याचा अधिकार राज्य शासनांना दिला. दिल्ली व चंदिगढ त्यातून वगळले आहेत. प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. दोघेही नेमलेले अधिकारी. निवडून आलेल्या प्रतिनिधींना येथे जिल्हा स्तरावरील सहअध्यक्षपदासारखे स्थान का नसावे, हा प्रश्न विकेंद्रीकरणाच्या अभ्यासकांना पडणे स्वाभाविक आहे. दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. श्रीवर्धन, मुरूड किंवा अलिबाग यांसारख्या नगरपरिषदा या तरतुदीच्या कक्षेत येत नाहीत आणि अरबी समुद्रातील वादळांना तोंड देण्याची वेळ अशाच लहान शहरांवर आली आहे.

याद्यांचा प्रश्न

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळ आले तेव्हा केरळ व कन्याकुमारीचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. किनाऱ्यावरील इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. किती होड्या बाहेर आहेत आणि त्यांवर कोण आहे, याची खात्रीलायक नोंद शासनाकडे नव्हती. बेपत्ता व्यक्तींची शासनाची संख्या आणि किनाऱ्यावरील चर्चनी वस्तीनिहाय केलेल्या याद्यांतील संख्या यांत तफावत राहिली. उपग्रहाधारित संदेश यंत्रे होड्यांवर बसविण्याचे प्रयत्न त्यानंतर सुरू झाले. पण बंदरातून निघणाऱ्या होडीची साधी नोंदवही ठेवण्यास उपग्रहाची गरज नसते.

वादळानंतरची यादी आणखी नाजूक असते, कारण तिच्यावर पैसा अवलंबून असतो. मे २०२० मधील ‘अम्फान’नंतर पश्चिम बंगालमध्ये घरांच्या नुकसानभरपाईच्या याद्यांविषयी मोठ्या प्रमाणावर तक्रारी झाल्या. पडझड न झालेल्यांची नावे यादीत आणि खऱ्या आपद्ग्रस्तांची बाहेर, असा आरोप पंचायतींवर झाला. डिसेंबर २०२० मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने या मदतवाटपाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे सोपविली. स्थानिक संस्थेला गावाची माहिती असते, त्याचबरोबर तिला गावातील गटतटही असतात. ज्या जवळिकीमुळे ती वादळापूर्वी उपयोगी पडते, त्याच जवळिकीमुळे वादळानंतर पक्षपाताची शंका निर्माण होते. यादी ग्रामसभेत वाचणे, पंचायतीच्या फलकावर लावणे आणि हरकतींसाठी मुदत देणे हे उपाय जुने आहेत. घाईच्या नावाखाली नेमके तेच वगळले जातात.

महाराष्ट्राच्या अनुभवात याच प्रश्नाची वेगळी बाजू दिसते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. टाळेबंदीच्या काळातही किनाऱ्यावरील हजारो लोकांना हलविण्यात आले आणि जीवितहानी मर्यादित राहिली. खरे नुकसान वाड्यांचे झाले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळ व सुपारीची झाडे मुळासकट उपटली गेली. नवी सुपारी लावली तर तिचे उत्पन्न हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. राज्य शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली. पूर्वीच्या निकषांपेक्षा ही रक्कम बरीच अधिक होती. पण कोकणातील वाडी हेक्टरात मोजली जात नाही. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. तिच्या वाट्याला पाच हजार रुपये येतात. त्याच दहा गुंठ्यांत नारळ, त्याखाली सुपारी, त्याच्या आधाराने मिरीचे वेल आणि जायफळ असा तीन-चार थरांचा संसार असतो. साहजिकच मदत क्षेत्रफळावर न देता झाडांच्या संख्येवर द्यावी अशी मागणी पुढे आली.

झाडे मोजायची तर ती पडण्यापूर्वी किती होती हे ठाऊक असावे लागते. सातबाऱ्यावर पिकाचे क्षेत्र असते. वाडीतील प्रत्येक झाडाचे वय व प्रकार तेथे सहसा सापडत नाहीत. पंचनाम्यासाठी आलेल्या तलाठ्यासमोर आडवी झालेली खोडे असतात आणि त्यांतली काही शेजाऱ्याच्या कुंपणात पडलेली असतात. कोणाच्या वाडीत किती माड होते, हे गावात सर्वांना ठाऊक असते, पण ते कोणत्याही दप्तरात नसते. किनाऱ्यावरील पंचायतींनी दर तीन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, वाडीनिहाय झाडांची नोंद करून ती ग्रामसभेत वाचून कायम केली, तर त्यास लागणारा खर्च काही दिवसांची मजुरी आणि एक नोंदवही इतकाच आहे. मुक्त अनुदानाच्या नियमांत तो सहज बसतो.